नीळ कुठं आली

बापू लिगाडेंनी भिंतीवरून हाक मारली तेव्हा नवनाथ घोलप अंगणात दात घासत होता.

"नवनाथ, चूळ भर आणि इकडे ये. तुझ्या प्लँटनं मला पुन्हा प्रेमपत्र धाडलंय."

बापूंच्या हातात पांढरं पाकीट होतं. कुरणमळ्यात ते पाकीट सगळे ओळखत. लोक त्याला नुसतं 'चिठ्ठी' म्हणत. आत दोनच ओळी असत. आपल्या घराच्या सांडपाण्यात गाठीच्या आजाराची खूण आढळली आहे. घरातील सर्व प्रौढांनी पंधरा दिवसांत तपासणी करून घ्यावी.

बापू सत्तरीला आलेले, पिठाची गिरणी चालवणारे, वीस वर्षांपासूनचे शेजारी.

"मग? तपासून आलात का?"

"आलो की. मी आणि तुझी वहिनी, दोघंही. रक्त घेतलं, त्या बोगद्यात घालून फोटो काढले. दोघंही ठणठणीत. डॉक्टर म्हणाला, अजून वीस वर्षं दळा."

"पुन्हा म्हणालात. म्हणजे आधीही आली होती?"

बापूंनी आवाज खाली आणला. "तेव्हा कुणाला बोललो नाही. पोरीचं लग्न जुळत आलं होतं. चिठ्ठी आलेल्या घरातली पोरगी कोण करून घेतो? गुपचूप परगावी जाऊन तपासून आलो. तेव्हाही काही निघालं नाही. कोपऱ्यावरच्या शेट्यांनाही दिवाळीत आली, त्यांचंही काही नाही. तुमचं यंत्र म्हातारं झालंय बाबा."

"पहिली कधी आली होती?"

"सारिकाचं दुखणं निघालं ना, त्याच्या आदल्या जूनमध्ये."

सारिका नवनाथची बायको. स्वादुपिंडाची गाठ. फेब्रुवारीत कळलं तेव्हा ती यकृतापर्यंत गेली होती. ऑगस्टात सारिका गेली. त्याला आता अडीच वर्षं होत आली होती.

नवनाथ हसल्यासारखं करून आत वळला. मागच्या मोरीत ईश्वरी अंघोळ करत होती. त्याची मुलगी, तेवीस वर्षांची, चौकातल्या गॅरेजमध्ये बॅटरीच्या स्कूटर दुरुस्त करायची. तिनं बादली उपडी केली. पाणी फरशीखालून गुळगुळत गेलं. नवनाथ ब्रश हातात धरून ऐकत उभा राहिला. पाणी रस्त्याकडे गेलं नव्हतं. बापूंच्या भिंतीकडे गेलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी मागची मोरी आणि संडास त्यानंच बांधून घेतला होता. रस्त्यावरच्या स्वतःच्या चेंबरपर्यंत उतार मिळेना, पाणी मागं फिरायचं. गवंडी म्हणाला, भिंतीपलीकडे लिगाडेंचं चेंबर दोन हातांवर आहे, त्यांनाच जोडू. बापू खुर्ची टाकून बसलेच होते. "जोड की," ते म्हणाले होते, "पाणी काय नाव सांगतं?" त्या दिवशी सारिकानं सगळ्यांना भजी तळली. संध्याकाळी वर शहाबादी फरशी बसली आणि जोड सगळेच विसरून गेले.

ईश्वरी कामावर गेल्यावर नवनाथनं कपड्यांच्या निळीची बाटली घेतली, अर्धी संडासात ओतली आणि पाणी सोडलं. मग भिंत ओलांडून बापूंच्या मागच्या अंगणात गेला आणि पहारीनं चेंबरचं झाकण उचललं. बापू गिरणीवर गेले होते. थोडा वेळ काहीच आलं नाही. मग निळं पाणी आलं. आधी एक दोरा, मग सगळं चेंबर.

तो झाकण न लावताच खाली बसला. बापूंची पहिली चिठ्ठी सारिकाची होती. आणि ही दुसरी त्याच्याच घरची होती. घरात दोनच माणसं होती.

नवनाथ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात सव्वीस वर्षं नोकरीला होता. जाळीत अडकलेला कचरा काढणं, गाळ उपसणं, हवेच्या टाकीचे पंखे बघणं, सगळं त्यानं केलं होतं. गेली पाच वर्षं तो कांड्या बघायचा. काविळीच्या एका मोठ्या साथीनंतर प्लँटवर येणाऱ्या पाण्यातून रोग शोधायला सुरुवात झाली. आधी सगळ्या शहराचं पाणी एकत्र तपासत, मग प्रभागाचं, मग गल्लीचं. शेवटी प्रत्येक घराच्या चेंबरमध्ये एकेक कांडी बसली.

कांडी बोटभर लांबीची. माणसाच्या अंगात पेशी रोज मरतात. त्यांच्यातल्या जनुकांचे तुकडे रक्तात येतात आणि त्यातले अगदी बारीक तुकडे लघवीत उतरतात. गाठीच्या पेशीही अशाच मरतात, फक्त त्यांच्या तुकड्यांवर एक वेगळी रासायनिक खूण असते. कांडीच्या टोकावर त्या खुणेलाच चिकटणाऱ्या रेणूंचा पातळ थर होता. तुकडा चिकटला की थरातला वीजप्रवाह बारीकसा बदलायचा आणि तो आकडा प्लँटच्या संगणकावर यायचा. डॉक्टरांच्या फोटोत गाठ दिसायच्या कितीतरी आधी कांडीला तिचा सुगावा लागायचा. पण गाठ कुठं आहे हे कांडीला कळत नव्हतं, आणि कुणाची आहे हेही नाही. या चेंबरवर पाणी सोडणाऱ्या कुणाच्या तरी अंगात ती आहे, एवढंच. चेंबर कुणाचं, ते नकाशा सांगायचा.

सुरुवातीला लोक आनंदले. मग घाबरले. स्थळ बघायला आलेली माणसं चहाच्या आधी चिठ्ठीचं विचारू लागली. विम्याचे एजंट विचारू लागले. काही जण घरचा संडास सोडून बसस्टँडवर रांग लावू लागले. नवनाथ महिन्यातून एकदा गल्लीत कांड्या धुवायला आला की बायका दाराआड व्हायच्या. त्याला आकडे दिसत नसत, तरी कुणाला खरं वाटायचं नाही.

केंद्राच्या शास्त्रज्ञ शिरोडकर मॅडमसमोर तो उभा राहिला तेव्हा त्याच्या बोटांवर अजून नीळ होती.

"चेंबर एकतीसच्या आकड्यांची रेघ बघायची आहे, मॅडम."

"घोलप, तुम्हाला नियम माहीत आहे. घराची रेघ कर्मचाऱ्याला दाखवली तर माझी नोकरी जाईल."

"ती लिगाडेंची नाही. माझ्या घरची आहे." त्यानं जोड सांगितला, नीळ सांगितली.

मॅडमनी उठून दार लावलं. "बसा. फोटो काढायचा नाही."

पडद्यावर रेघ आली. साडेतीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये ती जमिनीवरून उठली होती. पावसाळाभर चढली, हिवाळ्यात चढली. मॅडमनी बोटानं दाखवलं. "इथं चिठ्ठी गेली. लिगाडेंच्या घरचे स्वच्छ निघाले, म्हणून खोटा इशारा समजून रेघ खाली येईपर्यंत पुढचे इशारे बंद केले. तसा नियम आहे. आणि इथं बघा, ऑगस्टात रेघ एकदम खाली आली. तेव्हा त्या गेल्या का?"

नवनाथनं तारीख वाचली. "नाही. गेली त्याच्या अकरा दिवस आधीची आहे ही. त्या दिवशी सकाळी मी रिक्षा आणली. तिला दवाखान्यात नेलं. नंतर ती घरी आलीच नाही."

"मग दोन वर्षं सपाट," मॅडम हळू म्हणाल्या, "आणि आता सात आठवड्यांपासून पुन्हा उठते आहे. घोलप, तुम्ही आणि मुलगी, दोघंही उद्याच दवाखान्यात जा. रेघ बारीक आहे अजून. वेळ आहे."

"ही रेघ पोरीची का माझी?"

"ते मला कसं सांगता येईल? आईला होतं म्हणून मुलीला असेलच असं नाही. तुमचं वयही आहे." त्या पडद्याकडे वळल्या. "पण हा नकाशा केला कुणी? प्रत्येक घर आपापल्या चेंबरला, असं साफ लिहिलंय."

त्यांनी नकाशा उघडला. खाली कोपऱ्यात, पाहणी करणार या शब्दांपुढे सही होती. न. घोलप.

कांड्या बसवायच्या वर्षी कुरणमळ्याच्या नकाशाचा कागद त्यालाच भरायला दिला होता. तो त्याच गल्लीत राहायचा, तर दारोदार फिरणार कशाला? घरी पाटावर बसून, सारिकानं दिलेला चहा पीत, त्यानं एका बैठकीत सगळ्या घरांपुढे सारखी खूण केली होती.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

संध्याकाळी ईश्वरी जेवायला बसली की तो तिच्याकडे बघत राहायचा. गाल बसलेत का? एक भाकरी कमी खाल्ली का? सारिकाही सुरुवातीला भूक नाही म्हणायची, आणि तो म्हणायचा, उपास जास्त करतेस.

"पप्पा, माझ्या तोंडाला ग्रीस लागलंय का?"

"नाही."

"मग गिऱ्हाईक स्कूटरकडे बघतं तसं काय बघताय? घ्यायची का नाही ते ठरवा."

तो हसला. ही पोरगी वीस वर्षांची असताना आईच्या खाटेशी बसून होती. आईचे केस चमच्याच्या दांड्यानं विंचरायची, कारण कंगवा टोचायचा. तिला काय सांगायचं, कुठल्या शब्दांत सांगायचं, हे त्याला येत नव्हतं. आणि एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. सारिका घरातून गेली तशी रेघ पडली होती.

आठव्या दिवशी त्यानं ईश्वरीला सांगितलं, मावशीच्या शेतात हुरडा निघालाय, चार दिवस जाऊन ये. ती नाही म्हणाली. मालक रजा देणार नाही म्हणाली. तो मालकाकडे जाऊन रजा मागून आला.

"घर विकताय का काय मागं?" तिनं बॅग भरताना विचारलं. "का कुणी बाई बघितलीय?"

"जा तू."

बस हलल्यावर तो तिथंच उभा राहिला. बस दिसेनाशी झाली तरी उभा राहिला.

त्या चार दिवसांत त्याला घराची भीती वाटू लागली. तो भरपूर पाणी प्यायचा आणि पुन्हा पुन्हा मागं जायचा. माझंच असू दे, म्हणायचा. फरशीवर पाय ठेवताना खाली कुणी झोपलंय तसा जपून ठेवायचा. समोरची रेश्मा तांबोळी डबे करून विकायची आणि सारिका गेल्यापासून एक डबा त्यांच्याकडे द्यायची. आजारपणात सारिकाला तिनंच न्हाऊ घातलं होतं. ती डबा द्यायला आली की म्हणायची, "भाऊ, कालचा तसाच परत आलाय. मीठ जास्त होतं का?" तो म्हणायचा, नाही, चांगलं होतं.

बापूंशी तो बोलत नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाटेत गाठलं.

"काय चुकलं माझं? तोंड फिरवून जातोस."

"तुम्ही पहिली चिठ्ठी दाखवली असती तर सारिका वाचली असती," नवनाथ म्हणाला, आणि जोडाचं, निळीचं, रेघेचं सांगितलं.

बापूंच्या हातातली पिशवी खाली आली. ते भिंतीला टेकले. "मला वाटलं लाज आमचीच आहे," ते म्हणाले. "तुमची असेल असं कसं वाटावं रे?" मग ते पिठानं पांढरे झालेले हात एकमेकांवर घासत राहिले. नवनाथ निघून गेला. नकाशावरच्या सहीचं त्यानं सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी मॅडमनी पडदा त्याच्याकडे फिरवला. रेघ पडली नव्हती. होती तिथंच होती, उलट कणभर वर.

"देवा, बरं झालं," नवनाथ म्हणाला, आणि त्याला रडू आलं.

"घोलप, याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?"

"कळतोय म्हणूनच म्हणतोय, मॅडम."

संध्याकाळी ईश्वरी हुरड्याची पिशवी घेऊन आली. तिनं चपला काढायच्या आतच त्यानं सांगून टाकलं. जवळजवळ आनंदानंच सांगितलं, निकाल लागल्यासारखं. तुझं नाही, माझं आहे.

ती खाली बसली. पिशवी मांडीवरच होती.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"बारा दिवस."

"बारा." ती म्हणाली. "बापूकाकांनी चिठ्ठी दडवली म्हणून त्यांच्याशी बोलत नाही तुम्ही. आणि तुम्ही काय केलंत? माझं निघालं असतं तर माझे बारा दिवस घालवले असतेत. तुमचं आहे तर तुमचे घालवले. आईच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले होते, आठवतंय?"

त्याला आठवत होतं. थोडं आधी आला असतात तर, असं ते म्हणाले होते.

"मला भीती वाटली, ईशू."

"मला नाही वाटत?" तिनं पिशवी खाली ठेवली. "आई गेली. आता तुम्ही हसत हसत सांगताय, माझं आहे म्हणून. मी काय करू त्याचं?"

एवढ्या दिवसांत हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. तिला होऊ नये एवढंच त्यानं मागितलं होतं. आपल्याला झालं तर ती मागं एकटी राहील, हे मागताना त्यानं धरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला दवाखान्यात नेलं. पाणी आपलंही आहे म्हणून स्वतःचीही तपासणी केली. ती स्वच्छ होती. नवनाथच्या डाव्या मूत्रपिंडावर हरभऱ्याएवढी गाठ होती. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात, काढून टाकू, पुढचं काढल्यावर बघू. मंगळवारची तारीख मिळाली.

रिक्षात ईश्वरी बाहेर बघत होती. एकदम म्हणाली, "पप्पा, शेट्यांना पण चिठ्ठी आली होती ना? आणि काही निघालं नाही?"

"दिवाळीत."

"मग ती कुणाची होती?"

गल्लीत एकट्या त्यानंच जोड दिलेला नव्हता. बांधकामं सगळ्यांनी केली होती, उतार कुणालाच मिळाला नव्हता. आणि सगळ्यांच्या नावापुढं त्यानं पाटावर बसून सारखीच खूण केली होती.

ऑफिसात जाऊन त्यानं लेखी दिलं. माझा नकाशा खोटा आहे. साहेबांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, चौकशी लागेल, नोकरीवर येईल तुमच्या. फेरपाहणीचा प्रस्ताव पाठवू, सहा महिने धरा.

"सहा महिने?" ईश्वरी घरी म्हणाली. "नीळ किती लागते एका घराला?"

रविवारी सकाळी त्यांनी सुरुवात केली. अकरा घरं होती. पहिली तीन दारं उघडलीच नाहीत. चौथ्या घरातला माणूस म्हणाला, "बेकायदा जोड सापडला तर दंड तू भरणार का? आणि चिठ्ठी माझ्या दारात आणायची आहे तुला?" तेवढ्यात बापू आले. त्यांनी भर गल्लीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की पहिली चिठ्ठी मी दडवली आणि ती सारिकाची होती. मग ते नवनाथकडे वळले. "आता तू बोल."

नवनाथनं नकाशावरच्या सहीचं सांगितलं. मंगळवारचंही सांगितलं. बापूंनी त्याच्याकडे बघितलं आणि स्वतःच जाऊन पहार घेऊन आले.

रेश्मानं सगळ्यांत आधी हात पुढं केला. "आण गं ईशू ती बाटली. आमच्या संडासात मीच ओतते."

रेश्मानं नीळ ओतली आणि गल्लीतली झाकणं उघडी पडली. नवनाथ चेंबरांशेजारून फिरत होता, वाकून बघत होता. मंगळवारची भीती त्याच्या पोटात होतीच, पण वाकायचं काम होतं तोवर ती गप्प होती. तांबोळींच्या स्वतःच्या चेंबरमध्ये पाणी आलं नाही. तो पुढं गेला. बापूंनी शेट्यांचं झाकण उचललं. शेट्यांची सून दारात येऊन उभी राहिली.

पाणी आलं. निळं होतं.

रेश्मा समोरच्या दारात हात पुसत उभी होती. पिठाचे हात होते, रविवारचे डबे अर्धे राहिले होते. "कुठं आली, भाऊ?"

नवनाथला कळलं की आता काहीही बोलून वेळ काढता येईल. पुन्हा बघू म्हणता येईल. नीळ कमी पडली म्हणता येईल. त्यानं गुडघ्यावर हात टेकले आणि उठला.

"शेट्यांकडे आली, रेश्मा. दिवाळीतली चिठ्ठी तुमच्या घरची होती. तीन महिने झालेत, अजून वेळ असेल. उद्या सकाळी आठला आपण सगळे जाऊ. मी येतो, ईशू येते."

रेश्मानं मान हलवली. दारातच वळली आणि आत बघू लागली. खाटेवर सासू पडली होती. चुलीजवळ नवरा डब्यांची झाकणं लावत होता. तिनं आधी सासूकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. मग खाली, स्वतःच्या पिठाच्या हातांकडे.